पाळीव कासवांसाठी घराबाहेर सुरक्षित आवार कसे तयार करावे

जमिनीवर राहणारे कासव आपल्या शरीराची उष्णता आतून राखत नाही. ऊन आणि सावली यांच्यात दिवसभर ये-जा करून ते ती राखते. सकाळी कोवळे ऊन जिथे आधी पोहोचते तिथे ते येते, मान आणि चारही पाय बाहेर काढून अंग पसरून बसते, अंग तापले की चरायला निघते, ऊन चढले की झुडपाखाली शिरते आणि उन्हे कलली की पुन्हा बाहेर पडते. हा क्रम त्याला कोणाच्याही मदतीवाचून पार पाडता यावा, यासाठी आवार करायचे असते. चारही बाजूंनी कुंपण घातलेली मोकळी हिरवळ आपल्याला सुंदर दिसते, परंतु कासवासाठी ती अपुरी आणि कित्येकदा जीवघेणी ठरते, कारण भर दुपारी तिथे जायला त्याला दुसरी जागाच नसते. दिवसाच्या कोणत्याही वेळी ऊन, सावली, कोरडी जागा आणि ओलसर जागा यांपैकी हवी ती जागा कासवाला स्वतः गाठता आली पाहिजे आणि तिथवर जाताना त्याच्या जिवाला धोका असता कामा नये.

घराबाहेर राहण्याचा सर्वांत मोठा लाभ सूर्यप्रकाशाचा आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरण त्वचेवर पडल्यावर कासवाच्या शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या बळावर अन्नातील कॅल्शियम हाडांना व कवचाला मिळते. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. त्यामुळे खिडकीतून घरात आलेल्या उन्हात कासव तासन्‌तास बसले तरी त्याला ऊब मिळते, पण हा लाभ मिळत नाही. हे किरण आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडलेल्या कासवांचे कवच मऊ पडते, पाय वाकतात आणि चाल बिघडते. ही हानी पुढे पूर्णपणे भरून निघत नाही.

येथे केवळ जमिनीवरच्या, म्हणजे खांबासारखे जाड पाय असलेल्या कासवांचा विचार केला आहे. बोटांमध्ये पडदे असलेल्या पाणकासवांची गरज निराळी असते आणि त्यांना अशा आवारात ठेवणे योग्य नाही. आणखी एक गोष्ट आवार बांधण्यापूर्वीच पाहावी. जमिनीवरच्या कासवांच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या कराराने नियंत्रित केला आहे, आणि पाठीवर तारकांची नक्षी असलेले भारतीय तारा कासव २०१९ साली या कराराच्या सर्वांत कडक परिशिष्टात गेले. आपण राहतो तिथे कोणती जात पाळण्यास कायद्याने मुभा आहे आणि कोणती कागदपत्रे लागतात याची खात्री करून घ्यावी. जंगलातून उचललेले कासव कोणी देऊ केले, तर ते कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये.

जात ओळखावी, मग जागा मोजावी

हरमन कासव आणि ग्रीक कासव या भूमध्य समुद्राकाठच्या मध्यम आकाराच्या जाती आहेत. मध्य आशियातील हॉर्सफील्ड कासव आकाराने लहान असले तरी खणण्यात आणि चढण्यात फार पटाईत असते. आफ्रिकेतील सुलकाटा तळहातावर मावेल एवढे असताना विकले जाते, पण पूर्ण वाढल्यावर त्याचे वजन ४० किलोंच्या पुढे सहज जाते आणि ते कित्येक मीटर लांबीचे बीळ खणते. दक्षिण अमेरिकेतील लाल पायांचे कासव दमट जंगलाकाठी राहणारे असल्यामुळे त्याला उघडे, रखरखीत आवार मानवत नाही. म्हणून सर्व कासवांसाठी चालेल असा एकच नकाशा काढता येत नाही.

भूमध्य जातींच्या दोन प्रौढ कासवांसाठी २ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब ही मी किमान जागा मानतो, आणि शक्य असेल तर याच्या दुप्पट द्यावी. सुलकाटासाठी खोलीएवढी जागाही तोकडी पडते. त्याला परसबागेचा मोठा भाग द्यावा लागतो, आणि तो देणे शक्य नसेल तर ती जात न पाळणे हाच प्रामाणिक निर्णय आहे. आवार करताना पुढच्या काही वर्षांचा नव्हे, तर काही दशकांचा विचार करावा लागतो. सेंट हेलेना बेटावर १८८२ साली आणलेले जोनाथन हे महाकाय कासव साधारण १८३२ साली जन्मले असावे, असे मानले जाते. घरोघरी पाळल्या जाणाऱ्या लहान जातीसुद्धा नीट सांभाळल्या तर ५० वर्षांहून अधिक जगू शकतात. वर्ष-दोन वर्षांत कुजणाऱ्या फळ्यांचे कुंपण अशा प्राण्यासाठी पुरेसे नाही.

जागा निवडण्यापूर्वी कागदावर मोकळ्या जमिनीचा आराखडा काढावा आणि एका स्वच्छ दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता सावली कुठवर येते त्याच्या रेषा त्यावर आखाव्यात. सकाळचे ऊन लवकर मिळणारी आणि दुपारी निदान एक तृतीयांश भाग सावलीत राहणारी जागा उत्तम समजावी. सूर्याचा मार्ग ऋतूंप्रमाणे बदलत असल्यामुळे ही आखणी उन्हाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा, अशी दोनदा केली तर पुढचा बराच त्रास वाचतो.

कुंपण

आवारात सर्वाधिक विचार कुंपणावर खर्च करावा. कासव हळू चालते म्हणून ते पळून जाणार नाही, असा समज बहुतेकांचा असतो, आणि माझाही होता. मी पहिले कुंपण तारेच्या जाळीचे केले. पलीकडचे गवत दिसत असल्यामुळे कासव दिवसभर त्या जाळीला नाक लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या घालू लागले. चौथ्या दिवशी त्याच्या नाकपुड्यांवरची त्वचा सोलली गेलेली दिसली आणि एका पायाचे नख जाळीच्या घरात अडकून मुळाशी रक्ताळले होते. पारदर्शक अडथळा हा अडथळा आहे, हे कासवाच्या ध्यानात येत नाही. पलीकडचे दिसते तोवर ते जाण्याचा प्रयत्न करीत राहते. म्हणून कुंपण अपारदर्शक असले पाहिजे. पूर्ण जाळी बदलणे शक्य नसेल, तर निदान खालच्या ४० सेंटीमीटर भागाला आतून फळ्या तरी ठोकाव्यात.

विटांची किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत सर्वांत टिकाऊ असते. लाकूड वापरायचे असल्यास ते डांबर किंवा विषारी रसायने न पाजलेले असावे. जुने रेल्वे स्लीपर तर मुळीच वापरू नयेत, कारण उन्हात त्यांतून पाझरणारे क्रिओसोट त्वचेला आणि पोटाला घातक असते. पत्र्याची कड पाय कापते आणि उन्हात पत्रा भाजण्याइतका तापतो. भिंतीची जमिनीवरील उंची कवचाच्या लांबीच्या दुपटीहून कमी नसावी; २० सेंटीमीटर लांबीच्या कासवासाठी ४० ते ४५ सेंटीमीटर भिंत ठीक होते. ही उंची ओलांडायला माणसाला फाटक लागत नाही, आणि फाटक नसणे हीच मोठी सुरक्षितता आहे, कारण बाहेर गेलेल्या कित्येक कासवांची वाट कोणीतरी उघडे टाकलेल्या फाटकातूनच गेलेली असते. उंच भिंतीमुळे फाटक करावेच लागले, तर त्याखाली विटेचा पक्का उंबरठा बांधावा, फाटक आपोआप बंद होईल असे बिजागर बसवावे आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कडी लावावी.

भिंतीचे कोपरे विशेष काळजीने बांधावेत. सरळ भिंतीवर कासवाला पाय रोवता येत नाही, पण काटकोनात ते उजवा पुढचा पाय एका भिंतीवर आणि डावा दुसऱ्या भिंतीवर रोवते, मागच्या पायांनी अंग वर ढकलते, आणि विटांच्या सांध्यांत नखे अडकवत आपल्या उंचीच्या मानाने अशक्य वाटेल इतके वर पोहोचते. तिथून ते एक तर बाहेर पडते, नाही तर मागे कोसळून उताणे होते. यावर दोन उपाय आहेत: कोपरे गोलाईत बांधावेत, किंवा प्रत्येक कोपऱ्यावर आतल्या बाजूला १० ते १५ सेंटीमीटर पुढे येणारी त्रिकोणी फळी अथवा फरशी बसवावी. भिंतीचा आतला पृष्ठभाग गिलावा करून गुळगुळीत केला तर आणखी चांगले. भिंतीलगत दगड, कुंडी, निवाऱ्याचे छप्पर किंवा पालापाचोळ्याचा ढीग ठेवू नये. निदान एका कवचाएवढे अंतर मध्ये असावे. पावसाने वाहून आलेली माती एका बाजूला साचून भिंतीची उंची नकळत कमी होते, तेही अधूनमधून पाहावे.

जमिनीखालच्या भागाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. कुंपणाचा पाया निदान ३० सेंटीमीटर खोल न्यावा, आणि हॉर्सफील्डसारख्या खणणाऱ्या जातीसाठी त्याहून खोल न्यावा. कासव बहुधा भिंतीच्या अगदी पायाशी उकरते, ही त्याची सवय आपल्या उपयोगी पडते: भिंतीलगत आतल्या बाजूने साधारण ३० सेंटीमीटर रुंदीची फरसबंद पट्टी जमिनीशी समपातळीत बसवली, तर बहुतेक वेळा उकरायला सुरुवातच होत नाही. सुलकाटाला कोणत्याही पायाने अडवता येईल याची खात्री धरू नये. त्याच्यासाठी भिंतीपासून दूर, आवाराच्या मध्याकडे, ढासळणार नाही असे भक्कम छताचे भुयार आपणच तयार करून द्यावे, म्हणजे खणण्याची त्याची ओढ तिथे वळते.

जमीन, चढउतार आणि उताणे पडण्याचा धोका

जमिनीत पाण्याचा निचरा होतो की नाही, हे ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणून, तो पाण्याने भरून पाहता येते. पाणी काही तासांनंतरही तसेच उभे असेल, तर वरची माती काढून खाली खडीचा थर द्यावा आणि वर बागेची माती व वाळू यांचे मिश्रण पसरावे. थंड, ओल्या जमिनीवर राहणाऱ्या कासवांना श्वसनाचे विकार होतात आणि पोटाकडील कवच सडू लागते. याउलट केवळ वाळूचीही जमीन नसावी, कारण अन्नाबरोबर पोटात गेलेली वाळू आतड्यात साचते. अन्न नेहमी सपाट, खडबडीत दगडावर ठेवावे. त्यामुळे माती पोटात जात नाही आणि चोचीची कड व नखेही झिजत राहतात.

जमीन सपाट न ठेवता तिच्यात ३० ते ४० सेंटीमीटर उंचीचे, हलक्या उताराचे दोन-तीन उंचवटे करावेत. सूर्याकडे कललेल्या उतारावर माती लवकर तापते आणि थंडीच्या दिवसांत कासवे नेमकी तिथे येऊन बसतात. अठराव्या शतकातील इंग्लिश निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी टिमोथी नावाच्या कासवाविषयी नोंदवून ठेवले आहे, की शरद ऋतूत ते भिंतीला टेकून आपले कवच तिरके करीत असे, जेणेकरून मंद उन्हाचाही अधिकात अधिक भाग अंगावर पडावा. असा एक उतार आणि त्यामागे ऊब धरून ठेवणारा मोठा, पक्का रोवलेला दगड एवढे जरी करता आले, तरी ऊन खाण्याची उत्तम जागा तयार होते. माद्या अंडी घालण्यासाठीही सैल मातीचा असाच उबदार उतार शोधतात. तो मिळाला नाही तर काही माद्या अंडी पोटातच धरून ठेवतात आणि त्यातून त्यांच्या जिवावर बेतते.

उतार तीव्र असू नयेत आणि हलणारे दगड एकावर एक रचू नयेत, कारण त्यांवरून कासव उलटते. कासवाची फुप्फुसे पाठीवरील कवचाच्या आतल्या बाजूला लागून असतात. ते उताणे पडले की पोटातील सर्व अवयवांचा भार फुप्फुसांवर येतो आणि श्वास घेणे कठीण होते; शिवाय भर उन्हात उताणे पडलेले कासव सावलीकडे जाऊ शकत नसल्यामुळे थोड्याच वेळात उष्माघाताने दगावू शकते. अंगाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, तर बहुतेक जातींच्या जिवाला धोका असतो. उलटलेले कासव दिसल्यास त्याला झटका न देता सावकाश कुशीवरून सरळ करावे, सावलीत न्यावे, कोमट उथळ पाण्यात उभे करावे, आणि तोंडाला फेस असेल किंवा ते मान टाकून पडले असेल तर विलंब न लावता पशुवैद्याकडे न्यावे. मोकळ्या जागेत जमिनीलगत पसरणारी झुडपे आणि गवताचे दाट झुबके लावले, तर उलटलेल्या कासवाला पाय टेकवायला आधार मिळतो. गुळगुळीत फरशीवर तो मिळत नाही.

आवारात एक ओलसर कोपरा अवश्य असावा. पिल्लांच्या कवचावर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात, त्याचे खापर पूर्वी केवळ जास्त प्रथिनांवर फोडले जात असे. सुलकाटाच्या पिल्लांवरील २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र कोरड्या हवेचा परिणाम प्रथिनांपेक्षा बराच अधिक दिसून आला. म्हणून झुडपांच्या सावलीतली थोडी जागा रोज पाणी शिंपडून ओलसर ठेवावी, आणि तिच्याजवळच कोरडी जागाही असावी, म्हणजे कासवाला दोन्हींतून निवड करता येते.

निवारा

कासवाचा निवारा ऐसपैस असण्याची गरज नाही. कवच जेमतेम वर न घासता आत जाईल इतकी उंची, आत फिरून तोंड बाहेर करता येईल इतकी रुंदी आणि अंधार एवढ्यावर ते समाधानी असते. तळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उंच असावा आणि त्यावर १० ते १५ सेंटीमीटर कोरडी माती व वाळलेली पाने पसरावीत, कारण कासवाला अंग अर्धे पुरून झोपायला आवडते. दार पूर्वेकडे केले तर सकाळचे ऊन थेट दारात येते. पाऊस ज्या दिशेने झोडपतो त्या दिशेला ते कधीही करू नये. छप्पर उचलून काढता येईल असे ठेवावे, म्हणजे साफसफाई सोपी होते आणि आत दडलेल्या कासवाला ओढून काढावे लागत नाही. छतावर मातीचा थर देऊन गवत लावले किंवा निवारा अर्धा जमिनीत बसवला, तर उन्हाळ्यात तो बाहेरच्या मानाने पुष्कळ थंड राहतो.

थंड प्रदेशात निवाऱ्याला जोडून काचेचा किंवा पॉलिकार्बोनेटचा छोटा हरितगृहासारखा भाग करतात. तो उपयुक्त आहे, परंतु स्वच्छ उन्हात त्यातील हवा पाहता पाहता धोकादायक पातळीपर्यंत तापते. त्यामुळे आपोआप उघडणारी झडप, कासवाला केव्हाही बाहेर पडता येईल असे दार आणि आत तापमापक या तीन गोष्टींवाचून तो करू नये. विजेचा उष्मक लावायचा असल्यास तो तापमान-नियंत्रकाला जोडलेला असावा, वायर नळीतून नेलेली असावी आणि संपूर्ण जोडणी घराबाहेरच्या वापरासाठी बनवलेली असून ती जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी.

पाणी

कासवाला पोहता येत नाही, आणि ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. बागेतील शोभेचे तळे, खोल टाके किंवा पाण्याने भरलेली बादलीसुद्धा त्याच्यासाठी सापळा असते. आवारात असे काही असेल तर त्याला स्वतंत्र कुंपण घालावे. पिण्यासाठी आणि अंग भिजवण्यासाठी मातीचा पसरट परळ सर्वांत चांगला. तो काठापर्यंत जमिनीत बसवावा, म्हणजे कासव सहज आत उतरते आणि बाहेर पडते. उभ्या कडांची ताटली नुसती जमिनीवर ठेवली तर ते तिच्यावर चढताना कलंडते. पाण्याची खोली कासवाच्या हनुवटीच्या खालीच राहिली पाहिजे. कासवे बहुधा पाण्यातच विष्ठा करतात, म्हणून पाणी रोज बदलावे आणि भांडे घासून घ्यावे. लहान पिल्लांना केवळ आवारातील पाण्यावर न सोडता, त्याशिवाय आठवड्यातून काही वेळा १५-२० मिनिटे उथळ कोमट पाण्यात आपल्या देखरेखीखाली बसवावे.

झाडेझुडपे

आवारातली झाडे सावली देतात, आडोसा देतात आणि खाल्ली जातात. त्यामुळे प्रत्येक रोप निवडताना ते पोटात जाणारच आहे असे समजून चालावे. गवत, डँडेलायन, इसबगोलाच्या वर्गातील प्लँटेगो, जास्वंदीची पाने व फुले, तुतीची पाने, द्राक्षवेलीची पाने आणि काटे काढलेले फड्या निवडुंग ही आवारासाठी चांगली झाडे आहेत. भूमध्य जातींना रुंद पानांची रानरोपे प्रिय असतात, तर सुलकाटा आणि आफ्रिकेतीलच बिबट्या कासव हे मुख्यतः गवतावर जगणारे आहेत. फळे भूमध्य जातींना नियमाने देऊ नयेत, आणि कुत्र्या-मांजरांचे खाद्य कोणत्याही शाकाहारी कासवाला देऊ नये.

कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी, धोतरा, एरंड, घाणेरी, रुई, अळू, डिफेनबॅकिया, ऱ्होडोडेंड्रॉन, अझेलिया, डॅफोडिल, फॉक्सग्लोव्ह आणि यू ही झाडे आवारात तर नसावीतच, पण आवारावर झुकणारीही नसावीत. कण्हेरीची गळून पडलेली वाळकी पाने ताज्या पानांइतकीच विषारी असतात, त्यामुळे शेजारच्या कुंपणावरची कण्हेरसुद्धा मी धोक्यातच धरतो. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांवर बहुधा कीटकनाशक मारलेले असते आणि कुंडीत रासायनिक खताचे दाणे मिसळलेले असतात. असे रोप माती झटकून दुसऱ्या मातीत लावावे, काही आठवडे बाजूला वाढू द्यावे, आणि नवी पालवी आल्यावरच आवारात आणावे. आवारात आणि त्याच्या आसपास तणनाशक, कीटकनाशक किंवा गोगलगायींचे विषारी आमिष वापरू नये. विष खाऊन मेलेल्या गोगलगाईही काही कासवे खातात.

कासवे रंग पाहून चावा घेतात, लाल आणि पिवळ्याकडे तर ती विशेष ओढली जातात. प्लॅस्टिकचे तुकडे, दोरे, रबर, खिळे आणि काचा यांसाठी बांधकाम संपल्यावर संपूर्ण जमीन हाताने चाचपून घ्यावी. गवत कापण्याचे यंत्र चालवायचे असेल तेव्हा सर्व कासवे मोजून आधी पेटीत ठेवावीत; दाट गवतात बसलेले कासव यंत्र चालवणाऱ्याला दिसत नाही.

शत्रू

सर्वांत मोठा धोका जंगली श्वापदांपासून नसून कुत्र्यांपासून असतो, आणि त्यात घरचा, वर्षानुवर्षे शांत राहिलेला कुत्राही आला. कवच त्याला हाडासारखे वाटते. एक दिवस चघळण्याची लहर आली की काही मिनिटांत भयंकर इजा होते. कुत्रा आणि कासव यांना देखरेखीवाचून एका आवारात कधीही सोडू नये. थंडीत सुस्तावलेल्या कासवांचे पाय आणि शेपटी उंदीर-घुशी कुरतडतात, म्हणून आवारात उष्टे अन्न रात्रभर राहू देऊ नये आणि निवाऱ्याचे दार सूर्यास्तानंतर बंद करून कडी लावावी. निवाऱ्याच्या तळाखाली आणि हवेच्या झरोक्यांना ६ मिलिमीटर घराची जाड तारेची जाळी बसवली तर उंदीर आत येऊ शकत नाहीत.

पिल्लांचे कवच पहिली काही वर्षे पुरते टणक झालेले नसते. कावळ्यासारखे पक्षी, मांजरे, मुंगसे, इतकेच काय तर मुंग्यांची रांगसुद्धा त्यांचा जीव घेऊ शकते. पिल्लांसाठी वेगळी, लहान आणि वरून पूर्ण जाळीने झाकलेली चौकट करावी, जाळी चौकटीला घट्ट खिळवावी, आणि तिला झाकण म्हणून नुसती वरून टाकू नये, कारण तशी जाळी पक्षीही बाजूला सारतात. चौकटीचा निम्मा भाग सावलीत असलाच पाहिजे. एवढ्याशा जिवाचे अंग मोठ्या कासवापेक्षा कितीतरी लवकर तापते.

सोबत

कासवाला एकटेपणा जाणवेल म्हणून दुसरे आणण्याची घाई करू नये. दोन नर एकत्र ठेवले की ते एकमेकांना कवचाने धडका देतात, पायांना चावतात आणि हरलेल्याला उलटवून टाकतात. एक नर आणि एक मादी ही जोडीही सुखाची नसते, कारण नर त्या एकाच मादीचा दिवसभर पाठलाग करतो. एका नरामागे तीन-चार माद्या, किंवा केवळ माद्या, ही रचना अधिक शांत राहते. आवारात झुडपे आणि उंचवटे अशा बेताने ठेवावेत, की दुबळ्या कासवाला दुसऱ्याच्या नजरेआड होता यावे.

वेगवेगळ्या जाती एका आवारात मिसळू नयेत. एका जातीला फारसा त्रास न देणारे नागीण (हर्पिस) या रोगाच्या वर्गातील विषाणू किंवा मायकोप्लाझ्मा हे जंतू दुसऱ्या जातीसाठी प्राणघातक ठरू शकतात. नव्याने आणलेले कासव निदान सहा महिने निराळ्या जागी, निराळी भांडी वापरून ठेवावे आणि पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. नाकातून पाणी येणे, डोळे सुजणे किंवा श्वास घेताना तोंड उघडणे ही लक्षणे दिसली, तर हा काळ नव्याने मोजायला सुरुवात करावी.

कासवांच्या विष्ठेतून साल्मोनेला हे जंतू माणसाला लागू शकतात, जरी कासव स्वतः निरोगी दिसत असले तरी. लहान मुले कासव तोंडाजवळ नेतात या कारणाने अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाची कासवे विकण्यावर १९७५ साली बंदी घालण्यात आली. आवारात काम केल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि कासवांची भांडी स्वयंपाकघरात धुवू नयेत.

रोजचा क्रम आणि सुरुवातीचे दिवस

दररोज सकाळी आणि संध्याकाळी कासवे मोजावीत. प्रत्येक कासवाच्या पोटाकडील कवचाचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण तेथील नक्षी ओळखीला उपयोगी पडते, आणि पशुवैद्याकडून मायक्रोचिप बसवून घेतली तर हरवलेले कासव आपले असल्याचे सिद्ध करता येते. मोजणीत एक कमी भरले तर प्रथम आवारातच शोधावे: निवाऱ्याची पाने उपसावीत, झुडपांच्या बुंध्याशी हाताने चाचपावे, आणि भिंतीच्या पायाशी ताजी उकरलेली माती आहे का ते पाहावे. बाहेर पडलेले कासव बहुधा कुंपणाची कड धरून चालते आणि पहिल्या दाट आडोशाला थांबते, म्हणून शोध तिथूनच सुरू करावा.

थंडीत दीर्घ निद्रा घेणाऱ्या जातींना केवळ आवारात सोडून देऊ नये. ओली जमीन, गोठवणारी थंडी आणि उंदीर यांमुळे कित्येक कासवे त्या झोपेतून उठत नाहीत. त्यांची निद्रा पशुवैद्याच्या सल्ल्याने, साधारण ४ ते ७ अंश सेल्सिअस तापमान राहील अशा बंदिस्त जागी घडवून आणावी. सुलकाटा, बिबट्या कासव आणि लाल पायांचे कासव या जाती अशी निद्रा घेतच नाहीत, आणि थंडीत त्यांना उबदार खोलीत न्यावे लागते.

नव्या आवारात कासव पहिल्यांदा सोडताना ती सकाळ पूर्ण मोकळी ठेवावी. भरपूर कोवळे ऊन असलेला दिवस निवडून त्याला निवाऱ्याच्या दाराशी ठेवावे आणि आपण एका बाजूला शांत बसावे. पहिला तास-दीड तास ते बहुधा कुंपणाच्या कडेकडेने संपूर्ण फेरी मारते, प्रत्येक कोपऱ्यात थांबते आणि पाय रोवून पाहते. ज्या कोपऱ्यात ते पुन्हा पुन्हा परतते तो कोपरा सर्वांत कच्चा आहे असे समजून त्याच दिवशी दुरुस्त करावा. दुपारी ते कुठे दडते, पाण्यात स्वतःहून उतरते का, संध्याकाळी निवाऱ्याकडे वळते की भिंतीच्या कडेला माती उकरून बसते, हे दोन आठवडे रोज वहीत टिपून ठेवावे. कासव निवाऱ्यात न जाता दुसरीकडेच झोपत असेल, तर त्याला उचलून आत ठेवण्याऐवजी निवाराच उचलून त्याने निवडलेल्या जागी नेऊन पाहावा. दोन आठवड्यांत ते एकदाही उलटले नाही, भिंतीवर चढले नाही, आणि स्वतःहून निवाऱ्यात शिरू लागले, म्हणजे रात्रीही त्याला बाहेर ठेवण्याचा विचार करायला हरकत नाही.